घरी बसून शिकणाऱ्यांचे ग्रंथालय
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपल्या समाजात आज पुष्कळ घरांतून कोणी ना कोणी दूरशिक्षणाने शिकत आहे. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. पुढे १९८५ साली इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले. नोकरी सांभाळणारा मुलगा आणि लग्नामुळे शिक्षण अर्धवट राहिलेली सून, दोघांचीही सोय झाली. परंतु महाविद्यालयात जाणाऱ्याला जे ग्रंथालय आपोआप मिळते, ते मात्र या विद्यार्थ्यांना स्वतः शोधावे लागते.

विद्यापीठाकडून येणाऱ्या पुस्तिकांवर परीक्षा देता येते, हे खरे. पण एम. ए.चा प्रकल्प लिहायचा झाला की त्या अपुऱ्या पडतात. मग विद्यार्थी बाजारातले गाइड आणतो आणि तेच उतरवून काढतो. असा प्रकल्प न लिहिलेला बरा!

विद्यार्थ्यांनो, पुस्तिकेच्या प्रत्येक घटकाच्या शेवटी संदर्भग्रंथांची यादी असते. ते पान बहुतेक जण उलटून टाकतात. सुरुवात तिथूनच करा. लेखक, ग्रंथाचे नाव, प्रकाशक व वर्ष वहीत उतरवून घ्या आणि ती वही घेऊन जिल्ह्याच्या शासकीय ग्रंथालयात किंवा गावातील सार्वजनिक वाचनालयात जा. "शिक्षणावरचे काहीतरी द्या" असे म्हटले तर ग्रंथपाल तरी काय देणार? नेमके नाव सांगा. ड्यूई पद्धतीने मांडणी असेल तर शिक्षणाचे ग्रंथ ३७० या क्रमांकापाशी व भारताच्या इतिहासाचे ९५४ पाशी असतात. कपाटापर्यंत जाऊ देत असतील तर शेजारची पुस्तकेही चाळावीत; यादीत नसलेले उपयोगाचे पुस्तक पुष्कळदा तिथेच सापडते.

समजा, एखाद्या मुलीने रत्नागिरी जिल्ह्यातील मुलींच्या शिक्षणाचा इतिहास हा विषय घेतला. तिला १८८० सालचे रत्नागिरी व सावंतवाडीचे गॅझेटियर पाहावे लागेल. असे ग्रंथ सहसा घरी देत नाहीत, तिथेच बसून टिपणे काढावी लागतात. टिपणाखाली पृष्ठांक लिहायला विसरू नये, नाहीतर पुन्हा तेवढ्यासाठी एस. टी.चे भाडे! हे गॅझेटियर आता आंतरजालावरही मोफत वाचता येते. 'शोधगंगा' या संकेतस्थळावर देशभरच्या विद्यापीठांतील पीएच. डी.चे प्रबंध आहेत. आपल्या विषयाजवळचा एक प्रबंध उघडून प्रथम त्याची संदर्भसूची वाचावी. दुसऱ्याने अनेक वर्षे खपून जमवलेली यादी आपल्याला एका संध्याकाळी मिळते.

गावात ग्रंथ नसला तरी निराश होऊ नका. दिल्लीच्या 'डेलनेट' या संस्थेमार्फत सभासद ग्रंथालये एकमेकांकडून पुस्तके मागवतात. विद्यार्थ्याला ते परस्पर मागवता येत नाही, ग्रंथपालामार्फतच मागावे लागते. म्हणून आपल्या अभ्यासकेंद्राचे महाविद्यालय सभासद आहे काय, याची चौकशी करावी.

आता पालकांशी दोन शब्द. शिकवणीचे हजारो रुपये आपण मुकाट्याने भरतो आणि ग्रंथालयाची अनामत, जी परत मिळते, ती भरताना कां कूं करतो. मुलीला परीक्षेला बसू द्यायचे, पण वाचनकक्षात बसू द्यायचे नाही, हा हिशेब मला तरी कळत नाही. काळजी वाटत असेल तर पहिल्या दिवशी सोबत जा, जागा पाहा, ग्रंथपालांशी बोला. सुनेच्या बाबतीत हे काम सासूबाईंनी केले तर फारच उत्तम.

काही ग्रंथालये जामीनदाराची सही मागतात आणि बाहेरगावाहून आलेल्या गरीब मुलाचे घोडे तिथेच अडते. सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की अशा मुलांना त्यांनी जामीन राहावे. पुस्तक हरवलेच तर त्याची किंमत भरावी लागेल. त्यासाठी थोडी रक्कम यंदाच्या अंदाजपत्रकात बाजूला काढून ठेवावी.