पन्नाशीची धांव

भिवंडीच्या वऱ्हाळदेवी तलावाच्या कांठीं एखादा पन्नाशीचा गृहस्थ पुन्हां धांवूं लागला, तर त्याचा खरा प्रतिस्पर्धी कोण? त्याचेंच तारुण्य! मन शाळेंतील शर्यत विसरत नाहीं. पाय मात्र ती विसरलेले असतात.

हृदय व फुप्फुसें कांहीं आठवड्यांत सरावतात. कंडरा व हाडें यांना महिने लागतात. दम वाढला म्हणून वेग वाढविला, कीं टांच वा गुडघा दुखावतो. म्हणून आधीं डॉक्टरांचा सल्ला, मग दोन मिनिटें चालणें, एक मिनिट धांवणें.

मिलिंद सोमण यांनीं २०१५ सालीं, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिच येथें ३.८ किलोमीटर पोहून, १८० किलोमीटर सायकल चालवून, वर ४२ किलोमीटर धांव पुरी केली. तेंही वर्षानुवर्षांच्या सरावाचेंच फळ होतें.

छातींत कळ आली, तर मात्र थांबण्यांतच पुरुषार्थ आहे.