अंडनलिका म्हणजे नुसता पाइप नाही!

हेडफोन लावलेत ना? आजची सुरुवात माफीने करतोय. मागच्या पावसाळी एपिसोडमध्ये बेडकांबद्दल बोलताना मी एक वाक्य फेकलं होतं: "अंडी अंडाशयात तयार होतात आणि एका पाइपमधून बाहेर येतात, विषय संपला." दोन दिवसांनी एका श्रोत्या बाईंचा व्हॉइस मेसेज आला. त्या शाळेत जीवशास्त्र शिकवतात. म्हणाल्या, "अरे, पाइप काय म्हणतोस? खरं काम तर तिथेच होतं. जरा वाच."

मी पडलो कोड लिहिणारा माणूस. पण बाईंनी सांगितलं म्हणून वाचायला बसलो, आणि रात्रीचे दोन कधी वाजले कळलंच नाही.

तर गोष्ट आहे दक्षिण आफ्रिकेतल्या झेनोपस लेव्हिस या बेडकाची. पायाला नखं असलेला, कायम पाण्यात राहणारा हा बेडूक जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये पाळला जातो. त्याचं अंडं साधारण सव्वा मिलिमीटरचं, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसणारं. फलन शरीराबाहेर होतं: नर मादीला मागून घट्ट धरतो, ती पाण्यात अंडी सोडते आणि तो त्यांवर शुक्राणू सोडतो.

अंडाशयातून सुटलेलं अंडं आधी मादीच्या पोटातल्या पोकळीत पडतं. तिथून ते अंडनलिकेच्या नरसाळ्यासारख्या तोंडाशी पोचतं. आता गंमत बघा. पोकळीतलंच अंडं उचललं आणि त्यावर शुक्राणू सोडले, तर काहीच होत नाही! अंडं पूर्ण वाढलेलं आहे, जिवंत आहे, पण त्याच्याभोवती प्रथिनांचं एक पातळ आवरण असतं. शुक्राणूला त्यावर पकडच मिळत नाही.

ही पकड कुठे मिळते? अंडनलिकेच्या अगदी सुरुवातीच्या सरळ भागात. त्याला पार्स रेक्टा म्हणतात. तिथल्या पेशी ओव्हिडक्टिन नावाचं एन्झाइम सोडतात. आपलं अन्न पचवणारं ट्रिप्सिन आठवतंय? त्याच घराण्यातलं. पण हे आवरण पचवून टाकत नाही. आवरणातलं एक ठरावीक प्रथिन धरतं आणि त्याचा छोटासा तुकडा कापतं. वजन ४३ हजार डाल्टनवरून ४१ हजारांवर येतं, बस एवढंच. पण तेवढ्याने आवरणाची वीण बदलते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर आधी जुड्या बांधल्यासारखे दिसणारे तंतू आता मोकळे होऊन पसरलेले दिसतात. आता शुक्राणू चिकटू शकतो, आत शिरू शकतो. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात हार्डी आणि हेड्रिक यांनी हे एन्झाइम शुद्ध करून १९९२ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं.

पुढे नलिका वेटोळी होते. तिथे अंड्यावर जेलीचे तीन थर चढतात. पहिल्या पावसानंतर आपल्याकडे डबक्यात बेडकांच्या अंड्यांचे बुळबुळीत पुंजके दिसतात ना? तसलीच जेली. मला वाटायचं, ती फक्त संरक्षणासाठी. पण झेनोपसच्या अंड्यावरची जेली काढून टाकली तर साध्या पाण्यात फलन होत नाही. तेच जेलीतले घटक पाण्यात मिसळले तर होतं.

आणि मला सगळ्यात आवडलेला भाग हा. पहिला शुक्राणू आत गेला की अंडं दार बंद करतं, कारण दुसरा आत आला तर भ्रूण बिघडतो. अंड्याच्या कडेला असलेल्या बारीक पिशव्या फुटतात. त्यांतलं एक प्रथिन बाहेर येऊन जेलीच्या सगळ्यात आतल्या थरातल्या घटकाशी जोडलं जातं आणि नवा अडसर तयार होतो. म्हणजे कुलपाचा अर्धा भाग अंड्याचा, अर्धा अंडनलिकेने दिलेला. दार उघडायची तयारी तिची आणि बंद करायच्या कामातही तिचा वाटा!

आता तुम्ही विचाराल, माणसात पण असंच का? नाही, आणि इथे मी पुन्हा चूक करणार होतो. सस्तन प्राण्यांच्या अंडनलिकेतल्या एका प्रथिनालाही कधीकधी ओव्हिडक्टिनच म्हणतात. पण ते वेगळं आहे, कापाकापी करणारं एन्झाइम नाही. एकाच नावाची दोन फंक्शन्स, कोडवाल्यांना हा त्रास माहीत आहे. शिवाय माणसात नलिका वगळूनही फलन होतं. १९७८ साली इंग्लंडमध्ये पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, त्या बाळाच्या आईच्या दोन्ही नलिका बंद होत्या. अंडं थेट अंडाशयातून काढून काचेच्या बशीत फलित केलं. झेनोपसमध्ये असा शॉर्टकट चालत नाही. पोकळीतलं अंडं घेतलंत तर ओव्हिडक्टिनचं काम आधी तुम्हालाच करावं लागतं.

मला "पाइप" हा शब्द इतक्या सहज का सुचला, याचा विचार केला. शाळेत आपण ऐकलेली गोष्ट शुक्राणूंच्या शर्यतीची. धावणारे ते, जिंकणारा एक, आणि अंडं आपलं वाट बघत बसलेलं. मादीचं शरीर म्हणजे नुसता रस्ता. बेडकीच्या बाबतीत तरी हे साफ खोटं आहे. तो रस्ताच अंडं तयार करतो.

बाई, तुम्ही ऐकत असाल तर मनापासून थँक्यू. जुन्या एपिसोडखाली दुरुस्ती टाकली आहे. बाकीच्यांनो, माझी आणखी चूक सापडली तर बिनधास्त व्हॉइस मेसेज टाका. भेटू पुढच्या रविवारी!