बर्फ, डोंगर आणि मागे वळणं

आज सिएटलहून पूर्वेकडे, कॅस्केड पर्वतावरून जाऊ या. छोट्या विमानाचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग शिकवताना मी आधी एकच विचारतो: हिवाळ्यात, ढगात पंखावर बर्फ धरायला लागला, तर जाणार कुठे? शून्य ते उणे 20 अंशांतही ढगातले थेंब बऱ्याचदा पाणीच असतात. पंखाला लागले की गोठतात. सपाट मुलखात खाली उबदार हवेत उतरता येतं. इथे खाली डोंगर! वर चढावं, तर जड विमानाला ताकद पुरत नाही. म्हणून बर्फाची पहिली रेघ दिसताच कंट्रोलरला सांगा आणि मागे वळा. वळण मात्र बेतानं. बर्फ असला की स्टॉल नेहमीपेक्षा जास्त वेगातच येतो. मागची हवा आपण पाहिलेली असते, पुढची नाही.