पांदणीतला पिकअप

आम्ही घाटाखालच्या, पूर्णेच्या खोऱ्यातल्या एका बचत गटाच्या बाया. आज तुमच्याशी गाडीबद्दल बोलणार आहोत. बायका रेडिओवर येऊन टायर आणि एक्सलबद्दल बोलतात, याचं आमच्याच घरच्यांना हसू आलं होतं. हसू द्या.

आमच्या गावापासून शेतशिवारात जाणारी पांदण पावणेदोन किलोमीटरची. उन्हाळ्यात तिच्यावरून काहीही जातं. एक पाऊस झाला की काळी माती फुगते, चाकाला धरते, चाक भरून गोल लाडू होतो आणि गाडी जागच्या जागी बसते. मागच्या वर्षी सोयाबीन सोंगून गंजी लावल्या आणि परतीचा पाऊस आला. भाड्याचा गाडीवाला पांदणीच्या तोंडापर्यंत आला, चिखल पाहिला आणि फिरला. आमच्यातल्या तिघींच्या गंजीखालच्या शेंगांना कोंब फुटले. एकीनं त्या मालाच्या भरवशावर लेकीच्या शिक्षणाची फी ठरवली होती. तेव्हाच गटाच्या बैठकीत विषय निघाला की आपलीच गाडी घ्यायची. जुना पिकअप, सगळ्यांचा मिळून.

हे कळल्यावर गावातली पोरं मोबाइल घेऊन आली. त्यात मोठमोठ्या चाकांचे, उंच केलेले पिकअप नाल्यातून, दगडावरून चालले होते. पोरं म्हणाली, "काकू, टायर मोठे टाकू, एक्सल तगडा बसवू, गाडी उचलून घेऊ, मग पांदण काय अन् नाला काय!" खरं सांगतो, आम्हालाही ते पटलं होतं. आपल्या आज्यांच्या बंडीची चाकं मोठी होती, म्हणून ती चिखलातून निघायची. मोठं चाक म्हणजे चांगलं, हे काय आम्हाला शिकवायला पाहिजे?

पण पैसा गटाचा. म्हणून आम्ही चौघी नांदुऱ्याला एका जुन्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी आधी टायरवरचा आकडा वाचायला शिकवला. तो तुम्हीही शिकून घ्या. २१५/७५ आर १५ असं लिहिलेलं असेल, तर टायरची रुंदी २१५ मिलिमीटर, म्हणजे साडेएकवीस सेंटीमीटर. तिच्या शेकडा ७५ म्हणजे सोळा सेंटीमीटर ही टायरच्या भिंतीची उंची. आणि १५ इंचांची रिम, म्हणजे अडतीस सेंटीमीटर. खालची भिंत सोळा, वरची सोळा, मधली रिम अडतीस. चाक झालं सत्तर सेंटीमीटरचं.

आता पोरं म्हणतात तसा २३५/७५ चा टायर टाकला तर चाक तीन सेंटीमीटरनं मोठं होतं. पण एक्सल असतो चाकाच्या मधोमध. म्हणून तो उचलला जातो फक्त दीड सेंटीमीटर. एक बोटसुद्धा नाही! चार टायरचे पैसे मोजून पांदणीत मिळणार ते एवढंच. आणि बायांनो, गाडी नुसते पाटे वाढवून किंवा ठोकळे टाकून उंच केली, तर डाला वर जातो, पण मागच्या एक्सलचा तो लोखंडी गोळा आहे तिथंच राहतो. पांदणीत दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर टेकतो तो गोळाच. म्हणजे गाडी दिसायला उंच, अडकायला तशीच.

त्याहून मोठं चाक घेतलं, ३१ इंची, तर एक्सल चार-साडेचार सेंटीमीटर वर येतो. तेवढ्यानं फरक पडतो, हे मिस्त्रीही मान्य करतात. पण मग बाकीचं सगळं बिघडायला लागतं. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी खरं तर ६७ वर पळत असते. ओढ कमी होते, म्हणजे चिखलातून निघायला जो जोर लागतो तोच कमी झाला. वळताना टायर मडगार्डला घासतो. आणि ब्रेक तेच राहतात, पण त्यांना थांबवायचं चाक मोठं आणि जड. मिस्त्री म्हणाले, "भरलेली गाडी घेऊन राजूर घाट उतरून पाहा, मग मला सांगा." आमच्यातली एक माहेरी बुलढाण्याकडची. ती तिथंच म्हणाली, "नको बाप्पा."

आता एक्सल. ही गोष्ट आम्हाला सगळ्यात उपयोगी वाटली, म्हणून थोडी सविस्तर सांगतो. मागचा एक्सल दोन तऱ्हेचा असतो. एकात आतली दांडी चाक फिरवतेही आणि गाडीचं ओझंही पेलते. दुसऱ्यात ओझं बाहेरची नळी पेलते, दांडी नुसती चाक फिरवते. म्हणजे एका बाईच्या डोक्यावर भारा आणि हातात पाण्याची घागरही, तर दुसरीकडे भारा एकीकडे आणि घागर दुसरीकडे. ओझ्याच्या गाडीला दुसऱ्या तऱ्हेचा एक्सल बरा. तो बाहेरून ओळखता येतो. चाकाच्या मधोमध हब पुढे आलेला असतो आणि त्यावर बोल्टांचं गोल कडं दिसतं. तिथून दांडी चाक न काढता ओढून बाहेर काढता येते.

पण आपल्या गाडीला दुसऱ्याच गाडीचा तगडा एक्सल बसवायचा, तर तेवढ्यानं भागत नाही. त्यातले दाते वेगळे, ब्रेकचे ड्रम वेगळे, पाट्यांची बैठक वेगळी, मधल्या शाफ्टची लांबी वेगळी. एक घट्ट केलं की तुटणं पुढच्या सांध्यावर जातं. आज एक्सल मोडत असेल तर उद्या क्रॉस मोडेल.

यात कायदा आहे, तो पोरांनी सांगितलाच नव्हता. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीनं मूळ दिलेली आणि नोंदणीत लिहिलेली गाडी मालकाला मनानं बदलता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. आणि एक्सल बदलला म्हणून जास्त माल भरायची परवानगी मिळते, असंही नाही. आरसी बुकात दोन वजनं असतात, रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं. समजा १,६०० आणि २,९०० किलो असेल, तर माल भरायचा १३ क्विंटल. त्यात ड्रायव्हरचंही वजन धरा. साठ किलोची वीस पोती झाली की पुरे. पाटा वाढवा नाहीतर एक्सल बदला, बुकातला आकडा हलत नाही. जास्त भरल्यास दंड २०,००० पासून सुरू होतो आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,०००.

यावरूनच गटात मोठं भांडण झालं. काही जणींचं म्हणणं होतं की सकाळी रिकाम्या जाणाऱ्या गाडीत निंदणाच्या बाया बसवू, फेरीचे पैसे सुटतील. आपण सगळ्याच अशा डाल्यात उभ्या राहून कामाला गेलो आहोत, कोणाला खोटं सांगायचं? पण मालगाडीत मजूर बसवायला परवानगी नाही, आणि गाडी उलटली तर विम्याचा भरवसा नाही. त्यातून उंच केलेली गाडी बांधावर, उतारावर लवकर कलंडते. गाडी आपली असेल तर डाल्यातल्या बाईचा जीव आपल्या नावावर. दोन बैठका गेल्या. तिसरीत ठराव लिहिला की आपल्या गाडीच्या डाल्यात माणूस बसणार नाही. दोघी अजून नाराज आहेत. त्यांचंही खरं आहे, पाच किलोमीटर पायी जायचं तर निंदायला जीव उरतो कुठं? त्याचा तोडगा आम्हाला अजून निघालेला नाही.

आता आमचा बेत असा आहे. गाडी उंच करायची नाही. टायर कंपनीनं त्या गाडीला दिलेल्या मापाचेच, पण मागचे दोन खोल नक्षीचे, माती झाडून टाकणारे. रिमोल्ड नाही. गाडी बघताना मिस्त्री सोबत. मागच्या एक्सलमधून तेल गळतं का, बेअरिंग वाजते का, पाट्याला चीर आहे का, हे पाहिल्याशिवाय इसार द्यायचा नाही. गाडीत दोरखंड, फावडं आणि चार रिकामी पोती कायम. चिखलात एक चाक नुसतं गरगर फिरतं आणि दुसरं उभं राहतं, कारण जोर सोप्या बाजूला पळतो. तेव्हा अ‍ॅक्सिलेटर दाबून खड्डा खोल करायचा नाही. थांबायचं, आणि फिरणाऱ्या चाकाखाली पऱ्हाट्या, तुराट्या, पोती सारायची. त्या तर आपल्या बांधावरच असतात.

चारही चाकांना जोर देणारी, कंपनीतूनच आलेली गाडी मिळाली तर उत्तमच, कारण तिची नोंदच तशी असते. पण जुन्यात ती क्वचित दिसते, आणि महाग. आमच्यातल्या तिघी तिच्यासाठी थांबायला तयार आहेत, बाकीच्या नाहीत.

गाडी चालवायला दोघी शिकत आहेत. साडेसात टनांपर्यंतच्या मालगाडीला साधं हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं, असा सुप्रीम कोर्टाचा निकाल नोव्हेंबर २०२४ मध्ये आला आहे. तेव्हा वेगळ्या लायसन्सची भीती कोणी घातली तर हे सांगा.

आणि पांदणीचा अर्ज. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत पाणंद रस्ते योजना रोजगार हमीतून सुरू झाली होती. आम्ही गावनकाशा काढला, तर पांदण नकाशावर जितकी रुंद आहे तितकी जागेवर उरलेलीच नाही. दोन्ही बाजूंचे बांध सरकत आलेत. त्यातला एक बांध आमच्याच गटातल्या एकीचा निघाला. ती बैठकीत काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घरचे बांधावरची बोरी तोडताना दिसले. ग्रामसभेत अर्ज दिला आहे. येत्या सोमवारी आम्ही चौघी मिस्त्रीदादांना घेऊन खामगावला एक गाडी बघायला जातो आहोत.