गायक बदलला की बँड तोच राहतो का?

आजचा भाग थ्रॅश मेटलवर आहे. ज्यांनी हा प्रकार कधी ऐकला नाही त्यांनीही थांबा, कारण प्रश्न कुठल्याही गाणाऱ्या मंडळाला लागू आहे. बँडचा गायक गेला, दुसरा आला, तर पुढच्या अल्बममध्ये नेमकं काय बदलतं? फक्त आवाज, की गाणी बांधायची पद्धतच?

हा विषय आत्ता का, ते आधी सांगतो. आमचा इथे नगरला, म्हणजे आता अहिल्यानगरला, पाच जणांचा छोटा बँड आहे. मी गिटार वाजवतो, सोमवार ते शुक्रवार कोड लिहितो. आमचा गायक नोकरीसाठी जर्मनीला निघालाय. नवीन मुलगा राहुरीचा आहे, आवाज भारदस्त, खालच्या पट्टीतला. जुनी चार गाणी आहेत, मराठी शब्द जाणाऱ्या मित्राचे. ती ठेवायची का? ठेवायची तर कशी? यावरून सध्या आमच्यात रोज रात्री वाद चालू आहेत.

तर आधी मोठ्यांनी काय केलं ते बघू.

न्यूयॉर्कचा अँथ्रॅक्स घ्या. 1984 चा पहिला अल्बम 'फिस्टफुल ऑफ मेटल', गायक नील टर्बिन. किंचाळी भरपूर, त्या काळच्या हेवी मेटलसारखी. मग जोई बेलाडोना आला आणि 1985 ला 'स्प्रेडिंग द डिसीज' निघाला. बेलाडोना थ्रॅशमधला माणूसच नव्हता. त्याचा गळा साध्या रॉकमध्ये तयार झालेला, मोकळा, वरच्या पट्टीत सहज जाणारा. त्यामुळे झालं काय, तर खाली गिटार धडाधड पळतेय आणि वर हा माणूस निवांत सूर लांबवतोय. रिफ एकीकडे, चाल दुसरीकडे. 1987 च्या 'अमंग द लिव्हिंग'ची सगळी मजा या दोन थरांत आहे.

1992 ला बेलाडोनाला काढलं आणि आर्मर्ड सेंटचा जॉन बुश आला. आवाज खरखरीत, जाड, मधल्या पट्टीतला. 1993 चा 'साउंड ऑफ व्हाइट नॉइज' ऐका. वेग उतरला, रिफ रुंद झाल्या. आधी शब्द बहुतेक गिटारवाला स्कॉट इयन लिहायचा, आता बुशही लिहू लागला. अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत 7 व्या क्रमांकापर्यंत गेला. जुने चाहते मात्र आजही म्हणतात, हा अँथ्रॅक्स नव्हेच.

पण इथे माझ्यातला इंजिनिअर हात वर करतो. एकाच रिलीजमध्ये चार गोष्टी बदलल्या तर बग कुठल्या बदलामुळे आला हे कसं सांगणार? 1993 ला फक्त गायक बदलला नव्हता. निर्माता नवा होता, डेव्ह जर्डन, ॲलिस इन चेन्सवाला. बाहेरची हवा बदलली होती, सगळीकडे ग्रंज होतं. आणि 1990 चा 'पर्सिस्टन्स ऑफ टाइम' बेलाडोना असतानाच गंभीर आणि काळवंडलेला झाला होता. म्हणजे वळण आधीच सुरू झालं होतं, बुशचा आवाज त्या वळणाला फिट बसला.

मग गायकाचा परिणाम वेगळा कसा काढायचा? गाणं तेच ठेवायचं आणि गायक बदलायचा. नशिबाने थ्रॅशवाल्यांनी हा प्रयोग दोनदा करून ठेवलाय.

पहिला अँथ्रॅक्सचाच. 2004 ला 'द ग्रेटर ऑफ टू ईव्हिल्स' मध्ये टर्बिन-बेलाडोनाच्या काळातली गाणी बुशने गायली. दुसरा एक्झोडसचा. त्यांचा 1985 चा 'बाँडेड बाय ब्लड', गायक पॉल बॅलॉफ. 2008 ला त्यांनी तो अख्खा अल्बम 'लेट देअर बी ब्लड' नावाने पुन्हा रेकॉर्ड केला, गायक रॉब ड्यूक्स. गिटारवर गॅरी होल्ट तोच, ड्रमवर टॉम हंटिंग तोच.

दोन्ही जोड्या एकामागोमाग लावून ऐका. बुश उंच सूर टाळतो, शब्द ठोकून म्हणतो, त्यामुळे ते दोन थर जवळजवळ एक होतात. गाणं जड होतं, पण उडत नाही. ड्यूक्स ताकदीचा आहे, रेकॉर्डिंगही स्वच्छ आहे. पण बॅलॉफ काही तालमीचा गायक नव्हता, तो गल्लीत ओरडल्यासारखा गायचा, कधी कधी तालाच्या कडेवरून घसरत. ती घसरण गेली आणि गाण्यातली भीतीही थोडी गेली. म्हणजे तीच रिफ ठेवूनही गाणं तेच राहत नाही.

आपल्याकडे हे नवीन नाही हां. किर्लोस्कर नाटक मंडळीचा आवाज म्हणजे भाऊराव कोल्हटकर. ते 1901 ला गेले. 1905 ला बालगंधर्व आले. 'सौभद्र' तेच, सुभद्रा तीच, गळा वेगळा. आणि मग 1911 च्या 'मानापमान'साठी गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या त्या या नव्या गळ्याला डोळ्यासमोर ठेवून. जुनं नाटक नवा नट गातो, ती एक पायरी. नव्या नटासाठी नवं नाटक बसवणं, ही दुसरी. गावच्या भजनी मंडळातही बुवा बदलले की पेटीवाला आधी पट्टी विचारतो. नव्या बुवांना जुन्या बुवांच्या पट्टीत कोणी ओढत नाही.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. 1986 ला एक्झोडसने बॅलॉफला काढलं आणि लेगसी नावाच्या बँडमधून स्टीव्ह 'झेट्रो' सूझाला घेतलं. लेगसीवाल्यांचा गायकच गेला. त्यांनी चक बिली नावाचा धिप्पाड माणूस आणला, बँडचं नाव टेस्टामेंट झालं, आणि 1987 ला पहिला अल्बम आला, 'द लेगसी'. त्यातल्या बऱ्याच गाण्यांवर शब्दांसाठी झेट्रोचं नाव आहे. निघून गेलेल्या माणसाचे शब्द नव्या माणसाने स्वतःच्या आवाजात गायले, आणि पुढे 2001 ला जुनी गाणी परत रेकॉर्ड केली तेव्हा त्यातली दोन गायला झेट्रोलाच बोलावलं. मला हे फार मोठं वाटतं. ना नक्कल, ना पुसून टाकणं.

तर आमचं काय? माझं मत मी बँडसमोर मांडलंय, तुमच्यासमोरही मांडतो. गिटार एक पूर्ण सूर खाली उतरवायची. मित्राचे शब्द तसेच ठेवायचे, पण जिथे तो सूर लांबवायचा तिथे नवीन मुलाने हवं तर शब्द तोडून ठोकावेत. चारपैकी एक गाणं त्याच्या उंच आवाजावरच उभं आहे, ते सोडून द्यायचं. तो सुट्टीला येईल तेव्हा तोच गाईल. आणि पाचवं गाणं नव्या मुलाच्या गळ्यासाठी कोऱ्या पानावरून लिहायचं. ड्रमरला हे पटलेलं नाही. तो म्हणतो, सगळंच नवीन करू. शब्दांचं मात्र मित्राला विचारलं, तर तो एवढंच म्हणाला, गा, पण माझ्यासारखं गाऊ नका.

तुमच्या मंडळात, बँडमध्ये, ऑर्केस्ट्रात असं झालं असेल तर तुम्ही काय केलंत ते नक्की कळवा. आणि त्या दोन जोड्या ऐकाच, हेडफोन लावून. भेटू पुढच्या भागात.