पत्र्याच्या घरात रात्रीचा गारवा



वैशाखात विदर्भ-मराठवाड्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या घराचं तर बोलायलाच नको. अशा वेळी आपण करतो काय? दुपारी वारा यावा म्हणून दारं-खिडक्या सताड उघडतो आणि रात्री चोराच्या भीतीनं सगळं लावून घेतो. नेमकं उलटं! दुपारचा वारा म्हणजे झळ. ती आत घेतली की भिंती नि भुई तापतात आणि मध्यरात्रीपर्यंत आपल्याला शेकत राहतात.

जुन्या माळवदाची भिंत हात-दीड हात जाड. ऊन तिच्यातून आत पोचेतो दिवस मावळायचा. पत्रा मात्र तासाभरात तापतो, म्हणून आधी त्याचा बंदोबस्त करावा. पत्र्याखाली हातभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचं छत बांधावं आणि त्याला शेणमातीचा गिलावा द्यावा. मधल्या पोकळीतली तापलेली हवा निघून जायला दोन्ही टोकांच्या भिंतींत, आढ्याजवळ, झरोके ठेवावेत. त्यांना जाळी हवीच, नाहीतर उंदीर आणि उंदरामागं साप. एवढं जमत नसेल तर पत्र्याला वरून चुन्याचे दोन हात मारा. चुन्यात मीठ घालू नका, पत्रा गंजतो. सिमेंटचा पत्रा असेल तर त्यावर पाय देऊ नका, तो फुटून माणूस खाली येतो.

पत्र्यावर पाचट, पऱ्हाट्या टाकतात. गारवा मिळतो हे खरं, पण राहत्या घरावर मला ते पसंत नाही. एका ठिणगीचं काम आहे. लोहाराच्या भट्टीवर किंवा वेल्डिंगच्या शेडवर तर मुळीच नको.

आता रात्रीची हवा. जेवणं झाल्यावर अंगणात उभं राहून बघा. घरापेक्षा बाहेर गार लागलं, की खिडक्या उघडा. एक खिडकी खाली आणि तिच्यासमोरचा झरोका उंच असला म्हणजे गरम हवा वरून निघते, गार खालून येते. चोराची भीती असेल तर खिडकीला गज बसवा, मच्छरासाठी जाळी. सकाळी ऊन चढायच्या आत सगळं बंद करून ओलं पोतं नव्हे, कोरडा जाड पडदा सोडा. कोंडलेल्या घरात ओल घुसमटते. विटामातीची भिंत नि भुई हा गारवा दुपारपर्यंत धरून ठेवते. चारी भिंती पत्र्याच्याच असतील तर एवढा गुण येणार नाही, तिथं दुपार लिंबाखालीच काढावी.

बंद घरात शेगडी ठेवू नये, शेडचं दार लावून इंजिन चालवू नये. तो धूर जीव घेतो.

कोकणातल्या मंडळींनी मात्र हे जसंच्या तसं करू नये. दमट हवेत रात्र फारशी गार होत नाही. तिथं वारा खेळता ठेवलेलाच बरा.

आणि घरातलं म्हातारं माणूस किंवा लहान मूल दुपारी असंबद्ध बोलू लागलं, अंग तापून ग्लानी आली, तर वाट बघू नका. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखान्याकडे गाडी काढा.