कर्लीच्या पाण्यात कयाक

मालवणजवळ तारकर्ली-देवबागच्या पाठीमागून कर्ली नदी संथ वाहते. नवशिक्यानं कयाक चालवायला शिकावं ते अशाच पाण्यात. मात्र दिवस ठरवताना सुट्टी नंतर बघा, आधी तिथी बघा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणनं गुणलं की भरती पूर्ण होण्याची अंदाजे वेळ मिळते. एकादशी असेल तर साधारण सव्वाआठ. म्हणजे सातला निघा, चढत्या पाण्याबरोबर कांदळवनाच्या कडेनं वर जा आणि ओहोटी लागली की तिच्याच जोरावर परता. उन्हं तापली की समुद्रावरून वारा सुटतो. त्याआधी काठाला लागलेलं बरं.

वल्हं नुसत्या दंडानं ओढू नका, कमरेतून वळून मारा. नाहीतर दुसऱ्या दिवशी खांदे बोलायला लागतात. उतरायची जागा संगमाच्या बरीच अलीकडे ठेवा, कारण तिथे ओहोटीचं पाणी थेट समुद्राकडे ओढतं. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळा. मांडीवर ठेवलेलं जॅकेट काय कामाचं? पावसाळ्यात हा बेत नकोच. आणि वेळ पक्की करण्याआधी गावातल्या एखाद्या मच्छीमाराला जरूर विचारून घ्या.